ऑपरेशन यशस्वी झालं, पण पेशंट किती आणे बरा झाला?

सकाळच्या राउंडला माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कसं वाटतंय?" आणि बहुतेकांचं उत्तरही ठरलेलं असतं, "बरंय." सातारा भागातल्या एका आजींनी मात्र या प्रश्नाचा खरोखर विचार केला. आदल्या दिवशी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. छताकडे बघत त्या म्हणाल्या, "रुपयात धा आणे."

मी विचारलं, "आणि राहिलेले सहा आणे, आजी?"

"चार आणे झोपंचं. रातभर डोळा न्हाई लागला. दोन आणे तोंडाची चव ग्येली त्येचं."

त्यांच्या केस पेपरवर सगळं उत्तम होतं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन ठीक, लघवी व्यवस्थित, जखम कोरडी. झोपेचा आणि चवीचा रकाना त्या कागदावर नव्हताच. म्हणजे आजींच्या हिशेबातले सहा आणे आमच्या वहीत कुठे पडलेच नव्हते.

मी भूलतज्ज्ञ आहे. कुणा नामवंत व्यक्तीचं ऑपरेशन झालं की बातमीत एक वाक्य हमखास येतं, "शस्त्रक्रिया यशस्वी झाली असून प्रकृती स्थिर आहे." घरच्या माणसाच्या बाबतीतही आपण हेच ऐकतो आणि हुश्श करतो. मग चार दिवसांनी माणूस घरी येतो, तो गळून गेलेला, जेवणावर वासना नाही, रात्र रात्र जागा. घरचे गोंधळतात. सगळं यशस्वी झालं होतं ना?

"यशस्वी" आणि "स्थिर" म्हणजे काय?

"शस्त्रक्रिया यशस्वी" याचा अर्थ, जे करायचं ठरलं होतं ते झालं. खडे असलेलं पित्ताशय निघालं, मोडलेलं हाड बसवलं. "प्रकृती स्थिर" याचा अर्थ, नाडी, रक्तदाब आणि श्वास यांत एकदम चढउतार होत नाहीत. दोन्ही वाक्यं खरी असतात आणि महत्त्वाचीही. पण पहिलं सर्जनच्या कामाबद्दल आहे आणि दुसरं मॉनिटरवरच्या आकड्यांबद्दल. पेशंट कसा आहे, हे त्या दोन्हींत नाही.

हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी बॉस्टनच्या एका सर्जनला छळत होता. त्यांचं नाव अर्नेस्ट कॉडमन. विद्यार्थी असताना, १८९४ च्या सुमारास, त्यांनी आणि त्यांचे सहाध्यायी हार्वे कुशिंग यांनी ईथरची भूल दिलेल्या पेशंटची नाडी आणि श्वास कागदावर टिपायला सुरुवात केली. भुलेखाली पेशंट दगावत, आणि नोंद नसल्यामुळे का दगावले ते कळत नसे. आज प्रत्येक ऑपरेशनमध्ये आम्ही जो भुलेचा तक्ता भरतो, त्याचं मूळ तिथे आहे. पुढे कॉडमन यांनी आग्रह धरला की ऑपरेशन केलेल्या प्रत्येक पेशंटला वर्षभराने तरी गाठायचं, त्याला खरंच फायदा झाला का ते बघायचं आणि नसेल झाला तर चूक कुठे झाली ते छापून मोकळं व्हायचं. १९११ ते १९१६ या काळात त्यांच्या छोट्या खासगी हॉस्पिटलातून ३३७ पेशंट घरी गेले, आणि त्यांत झालेल्या १२३ चुका त्यांनी स्वतः प्रसिद्ध केल्या. सहकाऱ्यांना हे मानवलं नाही. मला मात्र हा माणूस आमच्या पेशातला एक मोठा माणूस वाटतो.

पहिला तास: "अजून बाहेर का आणत नाहीत?"

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा हा प्रश्न. सर्जन येऊन सांगून गेले की झालं, तरी पेशंट तासभर आतच. या वेळात तो रिकव्हरी रूममध्ये असतो आणि आम्ही त्याला गुण देत असतो.

गुण देण्याची ही पद्धत आली बाळांवरून. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हर्जिनिया अ‍ॅपगार यांनी नुकत्याच जन्मलेल्या बाळाला पाच गोष्टींवर दहापैकी गुण द्यायची युक्ती काढली. बाळंतपणाच्या फाइलवर "अ‍ॅपगार ९" असं लिहिलेलं अनेकांनी पाहिलं असेल. अ‍ॅपगार स्वतः भूलतज्ज्ञ होत्या. त्याच धर्तीवर १९७० मध्ये अल्द्रेते नावाच्या डॉक्टरांनी भुलेतून उठणाऱ्या माणसासाठी पाच गोष्टी ठरवल्या: सांगितल्यावर हातपाय हलवतो का, खोल श्वास घेऊन खोकतो का, रक्तदाब आधीच्या जवळपास आहे का, हाक मारल्यावर नीट जागा होतो का आणि त्वचेचा रंग कसा आहे. प्रत्येकाला ०, १ किंवा २. रंगाची जागा पुढे बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्याने घेतली. दहापैकी नऊ झाले की वॉर्डात पाठवायचं.

त्याच दिवशी घरी जाणाऱ्यांसाठी टोरांटोच्या फ्रान्सेस चुंग यांनी १९९० च्या दशकात असाच दहा गुणांचा तक्ता केला. त्यात चालता येतं का, मळमळ, दुखणं आणि रक्तस्राव किती, हे बघतात. इथेही नऊ गुण लागतात.

या दोन्ही तक्त्यांचं काम एकच, माणूस सुरक्षित आहे का ते बघणं. दहापैकी दहा मिळालेला माणूस बरा झाला असं त्यातून कुणी समजू नये. पोहता येत नसलेल्या माणसाला विहिरीतून काढून काठावर बसवलं, एवढंच ते सांगतात.

दीडशे गुणांचा पेपर

काठावर बसल्यापासून घरी आपल्या पायाने चालत जाईपर्यंतचा प्रवास कसा मोजायचा? मेलबर्नचे भूलतज्ज्ञ पॉल माइल्स आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाच्या मागे लागले. २००० मध्ये त्यांनी ४० प्रश्नांची यादी प्रसिद्ध केली. ती चांगली होती, पण आदल्या दिवशी पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चाळीस प्रश्न विचारणं म्हणजे त्याच्या सहनशक्तीचा अंत बघणं. म्हणून २०१३ मध्ये तिची १५ प्रश्नांची आवृत्ती आली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला क्यूओआर-१५ म्हणतात. आपण तिला पंधरा प्रश्नांची यादी म्हणू.

"गेल्या २४ तासांत" अशी सुरुवात करून ती विचारते: श्वास सहज घेता आला का? जेवण गोड लागलं का? विश्रांती मिळाली का? झोप चांगली लागली का? शी-शू, आंघोळ कुणाच्या मदतीशिवाय झाली का? घरच्यांशी, मित्रांशी बोलता आलं का? डॉक्टर आणि सिस्टरांचा आधार वाटला का? नेहमीची कामं करता येतील का? स्वतःवर ताबा आहे, निवांत आहोत असं वाटलं का? एकूण बरं वाटलं का? या दहा प्रश्नांना ० म्हणजे अजिबात नाही आणि १० म्हणजे सगळा वेळ.

उरलेले पाच त्रासाचे: मध्यम दुखणं, तीव्र दुखणं, मळमळ किंवा उलटी, काळजी, उदासपणा. इथे गुण उलटे असतात. त्रास नसेल तर १०, सगळा वेळ असेल तर ०. एकूण १५०. भरायला दोन-तीन मिनिटं लागतात.

दुखण्याला यात १५० पैकी फक्त २० गुण आहेत, याकडे लक्ष द्या. आम्हा डॉक्टरांना वाटतं की पेशंटला सर्वात नकोसं काय असेल तर दुखणं. १९९९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पेशंटना मनातल्या मनात १०० डॉलर दिले आणि भुलेनंतरचा कुठला त्रास टाळायला त्यातले किती खर्च कराल, असं विचारलं. सर्वात जास्त पैसे उलटीसाठी गेले, दुखण्यापेक्षा जास्त. ज्यांनी ताजे टाके असलेलं पोट धरून उलटी काढली आहे, त्यांना याचं कारण सांगायला नको.

आणि उलटीचा अंदाज आधी बांधता येतो. जर्मनीतल्या आप्फेल यांनी चार गोष्टी दाखवून दिल्या: पेशंट स्त्री असणं, सिगारेट न ओढणं, पूर्वी भुलेनंतर उलटी झालेली असणं किंवा गाडी लागण्याची सवय, आणि ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं लागणं. चारही असतील तर उलटीची शक्यता शंभरात ऐंशीच्या आसपास, एकही नसेल तर दहाच्या आसपास. म्हणून भूलतज्ज्ञ तपासणीत "एसटीत बसल्यावर गाडी लागते का हो?" असं विचारतात, तेव्हा तो गप्पांचा विषय नसतो. उत्तर "हो" असेल तर औषधं बदलतात. ओकारी न येण्याची औषधं आधीच दिली जातात आणि शक्य असेल तिथे भुलेच्या वायूऐवजी शिरेतून भूल दिली जाते.

आधीची पातळी माहीत नसेल तर

पाऊस झाल्यावर विहिरीत पंधरा हात पाणी आहे, असं कुणी सांगितलं तर शेतकरी पहिलं काय विचारेल? पावसाआधी किती होतं? आधी तीन हात होतं तर आनंद, आधी वीस होतं तर विहीर कुठेतरी गळतेय.

तसंच इथे. दोन बायकांचे ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ११८ गुण आले, असं समजा. एकीचे ऑपरेशनच्या आधी १४५ होते. चांगली हिंडती फिरती, तिला २७ गुणांचा खड्डा पडलाय. दुसरी पित्ताशयाच्या कळांनी महिनोन् महिने हैराण, तिचे आधी ११२ होते. ती तिसऱ्याच दिवशी आधीपेक्षा वर आहे. ११८ या एका आकड्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडल्या आहेत. म्हणूनच ही यादी ऑपरेशनच्या आधीही भरून घ्यायची असते. आमच्याकडे नेमकी हीच पायरी गळते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दहा ठिकाणी सह्या घेतल्या जातात, पण "आज तुम्हाला किती बरं वाटतंय?" हे कुणी विचारत नाही.

मग किती गुणांचा फरक खरा धरायचा? ११८ चे १२० झाले, तर पेशंटला काही जाणवेल का? नाही जाणवणार. जो फरक पेशंटला स्वतःला जाणवतो, असा सर्वात लहान फरक माइल्स यांच्या गटाने आधी ८ गुण धरला होता, २०२१ मध्ये तो ६ वर आणला. एखाद्या नव्या औषधाने सरासरी दोनच गुण वाढले, तर संख्याशास्त्राने कितीही शिक्का मारू दे, खाटेवरच्या माणसाला त्याचं काही नाही.

"पण हे सगळं मनाचं झालं ना?"

ही शंका डॉक्टरच जास्त काढतात. रक्तातली साखर मोजता येते, "बरं वाटणं" कसं मोजणार? एकाचा ७ म्हणजे दुसऱ्याचा ५ असू शकतो.

असू शकतो, मान्य. म्हणून एकाची दुसऱ्याशी तुलना दुय्यम, माणसाची त्याच्या स्वतःच्या आदल्या आकड्याशी तुलना मुख्य. शिवाय वापरण्याआधी अशा यादीची परीक्षा घेतात. त्याच माणसाला थोड्या वेळाने पुन्हा विचारलं तर उत्तर तेच येतं का? ज्यांना त्रास जास्त व्हायला हवा, त्यांचे गुण खरंच कमी येतात का? मूळ अभ्यासात ज्यांचं ऑपरेशन जास्त वेळ चाललं आणि ज्यांना हॉस्पिटलात जास्त दिवस राहावं लागलं, त्यांचे गुण कमी आले होते. मनाला येईल ते आकडे भरले असते, तर असा मेळ बसला नसता.

आणि खरं सांगायचं तर दुखणं, मळमळ, भीती या गोष्टींना पेशंटच्या तोंडाखेरीज दुसरा साक्षीदारच नाही. नाडी ८० असलेला माणूस भीतीने गोठलेला असू शकतो.

"आमची माणसं डॉक्टरला खरं सांगत नाहीत"

ही शंका मला जास्त रास्त वाटते. डॉक्टरांना वाईट वाटू नये, मुलाला खर्चाचं ओझं होऊ नये, सुनेला त्रास नको, म्हणून "बरंय" म्हणणारी पिढी आपल्या घरांत आहे. सर्जन समोर उभे आणि पाठीमागे चार नातेवाईक, अशा वेळी "डॉक्टरांचा आधार वाटला का?" या प्रश्नाला कोण ३ गुण देईल? म्हणून उपचार करणाऱ्याने विचारू नये. वेगळ्या माणसाने, एकांतात किंवा फोनवर विचारावं. आणि नातेवाइकाने पेशंटच्या वतीने उत्तर देऊ नये. "आईला आता काही त्रास नाही," असं मुलगा सांगतो, तेव्हा आई भिंतीकडे तोंड करून पडलेली असते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

दुसरी अडचण भाषेची. अशी यादी दुसऱ्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं आणि दोन्ही ताडून बघायचं, अशी रीत आहे. तरी काही जागा अडतात. "स्वतःवर ताबा आहे" हे इंग्रजीत साधं वाक्य आहे, मराठीत ते ऐकून पेशंट विचारतो, "म्हणजे लघवी कंट्रोल होते का, असंच ना?" "डिप्रेशन" म्हटलं की माणूस दचकतो, "उदास वाटतं का" म्हटलं की बोलायला लागतो. "जीव लागत नाही" हे तर आपलं खास, आणि कुठल्याही यादीत नसलेलं.

तिसरी अडचण ० ते १० ची. ज्यांनी शाळा पाहिली नाही त्यांना ही पट्टी उमगत नाही, असं म्हणतात. पण त्या आजींनी न शिकता सोळाची पट्टी वापरली होती. "औषधाने चार आणे फरक पडला" हे वाक्य महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येतं. आण्यांचा व्यवहार संपून किती काळ लोटला, तरी दुखणं मोजायला लोकांनी ते जपून ठेवलेत.

जे या यादीत नाही: डोकं

"भूल दिल्यापासून बाबा विसरभोळे झालेत." ही तक्रार घरोघरी आहे आणि ती खोटी नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात साठीपुढच्या १,२१८ पेशंटची स्मरणशक्ती आणि एकाग्रता मोठ्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर तपासली होती. आठवड्याने सुमारे २६ टक्के लोकांत घसरण दिसली. तीन महिन्यांनी ती सुमारे १० टक्क्यांत उरली होती. म्हणजे बहुतेकांचं डोकं जागेवर येतं, पण वेळ लागतो. पंधरा प्रश्नांच्या यादीत स्मरणशक्तीचा एकही प्रश्न नाही. ज्याचं डोकं गोंधळलंय तो स्वतःच्या गोंधळाचे गुण नीट देऊही शकत नाही. त्यासाठी वेगळ्या चाचण्या लागतात.

याचा सगळा दोष भुलेच्या औषधांवर टाकतात. पण ऑपरेशनमुळे शरीरात उठणारा दाह, मोडलेली झोप, अनोळखी जागा आणि आधीच थकलेला मेंदू, या सगळ्यांचा त्यात हात असतो. "मणक्यात भूल दिली की डोक्याला धोका नाही" हा समजही खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरच्या मोठ्या चाचण्यांत टिकला नाही. पूर्ण भूल असो वा मणक्यातली, रात्री बरळण्याचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. उपयोग होतो तो साध्या गोष्टींचा: चष्मा आणि कानाचं यंत्र लगेच परत द्या, दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा बंद, उशाशी ओळखीचं माणूस.

महिन्यातले किती दिवस घरी?

एक मोजमाप असं आहे की त्याला प्रश्न विचारावेच लागत नाहीत. ऑपरेशनपासूनच्या ३० दिवसांपैकी पेशंटने किती दिवस स्वतःच्या घरी काढले, एवढं मोजायचं. चार दिवस हॉस्पिटलात, मग जखम चिघळली म्हणून पुन्हा तीन दिवस भरती, म्हणजे उरले २३. महिन्याच्या आत मृत्यू झाला तर शून्य, मधले काही दिवस घरी गेलेले असले तरी. लवकर डिस्चार्ज देऊन आकडा चांगला दाखवायची सोय यात नाही, कारण घाईने सोडलेला पेशंट परत आला की दिवस वजा होतात. आपल्याकडे एकाच पेशंटची भरती आज या हॉस्पिटलात आणि उद्या त्या, त्यामुळे हे मोजायला कष्ट पडतील, पण एक फोन केला तर कळतं.

हॉस्पिटलं असे आकडे जाहिरातीला वापरतील, ही भीती मला आहे. त्याहून मोठी भीती ही की चांगले गुण यावेत म्हणून धडधाकट पेशंटच निवडले जातील. एखाद्या हॉस्पिटलचा नुसता सरासरी आकडा कुणी दाखवला, तर आधीचा आकडा आणि पेशंटचं वय विचारावं.

तुमच्या घरात ऑपरेशन असेल तर

गुंतागुंतीचं काही नको. ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी एका वहीत पाच ओळी लिहा: झोप, जेवण, दुखणं, हिंडणं-फिरणं, मन. पेशंटला स्वतःला विचारून प्रत्येकापुढे दहापैकी गुण टाका, किंवा सोळापैकी आणे. गाडी लागते का, मागच्या भुलेनंतर उलट्या झाल्या होत्या का, हेही तिथेच लिहून भूलतज्ज्ञांना दाखवा. पाणी कधीपर्यंत प्यायचं तेही त्यांनाच विचारा. "रात्री बारानंतर थेंबही नाही" ही जुनी शिस्त अनेक पेशंटच्या बाबतीत बदलली आहे, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून परस्पर ठरवू नका.

नंतर रोज त्याच वेळी तेच पाच प्रश्न विचारा. पहिले दोन दिवस आकडा खाली जाणारच, त्याने घाबरू नका. तो हळूहळू वर सरकला पाहिजे. वर चढत असलेला आकडा अचानक उलटा फिरला, काल हिंडण्याला ७ होते आणि आज ४, काल अर्धी भाकरी गेली आणि आज घास नको, तर ताप येण्याची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा आणि वही समोर धरून दोन्ही दिवसांचे आकडे वाचून दाखवा. धाप लागली, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा लघवी अडली, तर आकडे राहू द्या, सरळ हॉस्पिटल गाठा.